सिंथच्या आवाजात दणका कसा आणायचा? एन्व्हलप आणि मॉड्युलेशनबद्दल

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

नुसता ऐकला तर सिंथवरचा (सिंथेसायझरवरचा) बेसचा पॅच, म्हणजे बांधलेला आवाज, जाड, भरदार वाटतो. पण त्याच्यासोबत किक, ढोलकी, हलगी सुरू झाली की तो कुठे गेला तेच कळत नाही. मग आपण त्याची पातळी वाढवतो आणि मिक्स गढूळ होतं. घरी ट्रॅक करणाऱ्या बऱ्याच जणांची ही तक्रार असते आणि बहुतेक जण त्यावर नवा प्रीसेट किंवा नवा प्लगइन शोधत बसतात. माझ्या मते उत्तर सिंथमध्येच असतं, तेही पहिल्या शंभर-एक मिलिसेकंदांत. त्या वेळात काय काय खाली येतं आणि कोणत्या क्रमाने येतं, यावर सगळा दणका ठरतो.

सलग एकसारख्या आवाजाला कान लगेच सरावतो. बदल झाला की तिकडे त्याचं लक्ष जातं. म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत तितकाच झगझगीत असलेला सॉ (करवतीच्या दातांसारखी लाट) बेस सपाट वाटतो. तोच बेस पहिल्या क्षणी उजळून लगेच काळोखा झाला तर छातीत बसतो.

करून बघायला सर्ज एक्सटी किंवा व्हायटल हा सॉफ्टवेअर सिंथ घ्या. सर्ज मुक्तस्रोत आहे, व्हायटलचीही एक आवृत्ती फुकट मिळते. एकच ऑसिलेटर (मूळ लाट तयार करणारा भाग), सॉ वेव्ह, युनिसन (एकाच स्वराच्या अनेक प्रती) बंद, कोरस-रिव्हर्ब सगळं बंद. ५५ हर्ट्झचा ए हा स्वर वाजवा.

फिल्टर २४ डीबीचा लो-पास, म्हणजे वरचे स्वरांश कापणारा. कटऑफ (जिथून कापणं सुरू होतं ती जागा) पार खाली, १२० हर्ट्झच्या आसपास. एन्व्हलप म्हणजे किल्ली दाबल्यावर एखादी गोष्ट वेळेनुसार कशी चढते-उतरते त्याचा आराखडा: अटॅक चढायचा वेळ, डिके उतरायचा वेळ, सस्टेन किल्ली धरून ठेवल्यावरची पातळी, रिलीज सोडल्यावर मिटायचा वेळ. आता फिल्टरच्या एन्व्हलपची मात्रा ४ सप्तकं, म्हणजे ४८ सेमीटोन ठेवा. स्वर सुरू होताना फिल्टर १९२० हर्ट्झपर्यंत उघडेल आणि तिथून खाली येईल. त्याचा अटॅक शून्य, डिके ९० मिलिसेकंद, सस्टेन शून्य. आवाजाच्या एन्व्हलपला अटॅक १-२ मिलिसेकंद, डिके ३००, सस्टेन ६० टक्के, रिलीज ८०. तिसरा एन्व्हलप पिचला लावा: वर १२ सेमीटोन, डिके फक्त २५ मिलिसेकंद, सस्टेन शून्य.

म्हणजे आधी सूर खाली बसतो, मग फिल्टर मिटतो, मग आवाज उतरतो. तिन्ही डिके एकाच लांबीचे ठेवून ऐका. तोच पॅच मऊ पडतो, कारण सगळं एकदमच उतरतं आणि टोक असं कुठे राहत नाही. हा फरक एकदा कानात बसला की कुठलाही सिंथ समोर आला तरी काय शोधायचं ते कळतं.

इथे लाइव्ह वाजवणारे, सर्किटवाले, एफएमवाले असे सगळे आहेत. तुमचे आकडे आणि तुमची पद्धत लिहा.

गिरगावकर_बेस

वाचनखूण साठवली आहे. व्हायटलमध्ये करून पाहिलं, पहिल्यांदाच बेस पुढे आला! एक शंका. प्रत्येक स्वराचा ठोका वेगळा येतो. एखाद्या स्वराला टक् असा आवाज, पुढच्याला काहीच नाही. सेटिंग न बदलता असं का होतं?

तांब्याची_तार

ऑसिलेटरच्या फेजमुळे. ५५ हर्ट्झची एक लाट पूर्ण व्हायला साधारण १८ मिलिसेकंद लागतात. तुमचा अटॅक १ मिलिसेकंदाचा. म्हणजे आवाज उघडतो तेव्हा लाट नेमकी कुठे आहे त्यावर सगळं ठरतं. लाट शून्यापाशी असेल तर सुरुवात गुळगुळीत होते, शिखरावर असेल तर स्पीकरचा पडदा एकदम उडी मारतो आणि टक् ऐकू येतं. जुन्या अ‍ॅनलॉग यंत्रांत ऑसिलेटर सतत फिरत असतात, किल्ली दाबण्याशी त्यांचा संबंध नसतो, त्यामुळे तिथे प्रत्येक ठोका थोडा वेगळा येणारच. व्हायटलमध्ये ऑसिलेटरच्या फेजशेजारी रँडमचा आकडा असतो, तो शून्यावर आणा. मग प्रत्येक स्वर एकाच जागेहून सुटेल. नंतर फेज हळूहळू फिरवत ऐका, हवा तेवढा टक् मिळेल. नाचाच्या गाण्यात बेससाठी मी हे नेहमी करतो. संथ, गाण्यामागच्या बेसला मात्र फेज मोकळीच सोडतो, कारण सगळे ठोके हुबेहूब सारखे आले की कंटाळा येतो.

युनिसन बंद करायला धागाकर्त्यांनी सांगितलं त्याचं कारणही हेच. सात आवाज थोडे थोडे बेसूर करून एकत्र लावले की प्रत्येकाची लाट वेगळ्या जागी असते. सुरुवात पसरट होते. रुंदी हवीच असेल तर खालचा ऑसिलेटर एकटा, मध्यभागी ठेवा आणि युनिसन वरच्या सप्तकातल्या दुसऱ्या ऑसिलेटरला द्या.

आता वक्राबद्दल, कारण इथे खूप जण फसतात. अ‍ॅनलॉग एन्व्हलप म्हणजे मुळात कॅपॅसिटर भरणं आणि रिकामा होणं. रिकामा होताना तो आधी वेगाने आणि मग रेंगाळत उतरतो. कानाला हा उतार नैसर्गिक वाटतो. सॉफ्टवेअरमध्ये सरळ रेषेतला डिके मिळाला तर ९० मिलिसेकंद फार लांब वाटतात, कारण बराच वेळ फिल्टर उघडाच राहतो. सर्जमध्ये एन्व्हलपला अ‍ॅनलॉग आणि डिजिटल असे दोन प्रकार आहेत, व्हायटलमध्ये रेषा माउसने ओढून वाकवता येते. आकडा बदलण्याआधी वक्र बदलून बघा.

जाता जाता थोडा इतिहास. एन्व्हलप असा टप्प्याटप्प्यांचा असावा ही मागणी १९६५ मध्ये संगीतकार व्लादिमिर उसाचेव्हस्की यांनी सिंथ बनवणारे रॉबर्ट मूग यांच्याकडे केली होती. अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज ही आजची चार नावं एआरपी कंपनीच्या यंत्रांमुळे रुळली. मूग यांच्या १९७० च्या मिनिमूग सिंथवर तर एन्व्हलपला तीनच नॉब आहेत. रिलीजसाठी वेगळा नॉब नाही, एक स्विच आहे. तो चालू केला की डिकेचाच वेळ रिलीजला लागू होतो. तरीही दणकेबाज बेस म्हटलं की आजही लोक त्याच यंत्राचं नाव घेतात.

पेटीवाली

मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवते. जत्रेच्या मैदानात, मंगल कार्यालयात, कधी पत्र्याच्या सभागृहात. धाग्यातला मूळ मुद्दा पटला, पण आवाजाच्या एन्व्हलपच्या आकड्यांशी मी सहमत नाही. १४० च्या लयीत (मिनिटाला १४० ठोके) सोळाव्या भागाचे स्वर १०७ मिलिसेकंदांवर येतात. तिथे ३०० चा डिके कधी पूर्ण होतच नाही. आवाज अर्ध्या वाटेवर असतानाच पुढचा स्वर येतो आणि वर रिलीजची ८० मिलिसेकंदं. मधली फट बुजली की दणका गेला.

मी आधी लय बघते, मग डिके ठरवते. द्रुत ओळीला आवाजाचा डिके ८०-१००, सस्टेन शून्य, रिलीज २०-३०. स्वर किती वेळ दाबून ठेवतो यालाही तितकंच महत्त्व आहे. बोट लवकर उचललं की त्याच पॅचचा ठोका दुप्पट घट्ट वाटतो. पत्र्याच्या सभागृहात खोलीच एवढी घुमते की रिलीज मी जवळजवळ शून्यावर नेते. तिथे शेपूट खोलीच लावते.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना सांगावीशी वाटते, व्हेलॉसिटी (किल्ली किती जोरात दाबली ते) फिल्टरच्या एन्व्हलपच्या मात्रेला जोडा. नुसत्या आवाजाच्या पातळीला जोडलेली व्हेलॉसिटी गर्दीच्या गोंगाटात ऐकूच येत नाही. हळू दाबलं तर फिल्टर दीड-दोन सप्तकं उघडेल आणि जोरात दाबलं तर चार, असं ठेवलं की समेवरचा स्वर आपोआप उठून येतो. साथीला बसलेल्या ढोलकीवाल्यालाही तो कळतो. हे समोर बसून अनुभवायला हवं.

मंद्रसप्तक

पेटीवाली, मान्य. माझे आकडे ९०-१०० च्या लयीतल्या, थांबत चालणाऱ्या ओळीसाठी आहेत. लयीवरून डिके ठरवायची तुमची पद्धत जास्त पक्की आहे. त्याला एकच जोड देतो. डिके फार लहान केला की ठोका घट्ट होतो पण बारीक, सुकलेला वाटायला लागतो. कारण अगदी थोडा वेळ टिकणारा आवाज कानाला मुळात कमी जोराचा वाटतो. साधारण २०० मिलिसेकंदांपर्यंत जितका वेळ मिळेल तितका जोर वाढत जातो. इथे होल्ड कामी येतो. व्हायटलच्या एन्व्हलपमध्ये अटॅक आणि डिके यांच्यामध्ये तो असतो. फिल्टर शिखरावर १० ते १५ मिलिसेकंद थांबला आणि मग पडला की टोकाला वजन येतं. त्याहून जास्त होल्ड ठेवू नका, आवाज चौकोनी होतो. होल्ड नसलेल्या सिंथवर अटॅककडून सुरुवात करू नका, डिकेचा वक्र फुगीर करा, जवळपास तेच मिळतं.

अजिंठा_साऊंड

एवढ्या खटाटोपाची गरज काय? कॉम्प्रेसर लावा. अटॅक २५-३० मिलिसेकंद, रेशो ४ ला १. सुरुवात सुटून जाते, मागचं दाबलं जातं. झाला पंच तयार.

मंद्रसप्तक

कॉम्प्रेसर पातळी बदलतो, रंग नाही. फिल्टर उघडून मिटण्याचं काम तो करू शकत नाही, आणि जो अटॅक मुळातच बोथट आहे त्याला टोक आणायला त्याच्याकडे काहीच नसतं. पॅच नीट बांधला असेल तर कॉम्प्रेसर शेवटचा थोडा आवळ देतो, तिथे मीही वापरतो. पण आधी पॅच.

अजिंठा_साऊंड

ध्वनिमुद्रित ऑडिओ हातात आला असेल तेव्हा तरी दुसरा इलाज नाही. मिक्सिंगवाल्याकडे एन्व्हलपचा नॉब पोचत नाही.

तांब्याची_तार

ते खरं आहे. म्हणूनच मिक्सिंगला पाठवण्याआधी हे सगळं उरकलेलं बरं.

रात्रपाळी

या चर्चेत रोलंडच्या टीबी-३०३ या बेसयंत्राचं नाव अजून कसं आलं नाही? एन्व्हलप आणि मॉड्युलेशनचा सगळ्यात सुंदर धडा तोच आहे. एकच ऑसिलेटर, सॉ किंवा स्क्वेअर. एन्व्हलपसाठी नॉब फक्त डिकेचा, साधारण २०० मिलिसेकंद ते २ सेकंद, आणि तोही फिल्टरचा. आवाजाच्या एन्व्हलपला हात लावायची सोयच नाही. तरी इतका जिवंत का वाटतो? अ‍ॅक्सेंटमुळे. ज्या स्वराला अ‍ॅक्सेंट दिलाय तिथे एकाच वेळी तीन गोष्टी होतात: आवाज चढतो, फिल्टर जास्त उघडतो आणि डिकेचा नॉब कुठेही असला तरी तो स्वर सगळ्यात लहान डिकेवर जातो. त्यातही गंमत अशी की लागोपाठ अ‍ॅक्सेंट आले तर आतला कॅपॅसिटर पूर्ण रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरतो, त्यामुळे प्रत्येक पुढचा स्वर आधीच्याहून जास्त उघडतो. ओळ चढत गेल्यासारखी वाटते. यंत्राच्या आत ही स्मृती आहे!

सॉफ्टवेअरमध्ये हे जमवायचं तर व्हेलॉसिटी तीन ठिकाणी जोडा: पातळी अधिक, फिल्टरची मात्रा अधिक, आणि फिल्टरच्या डिकेला वजा. शेवटची जोडणी बहुतेक जण विसरतात, खरा चटका तिथेच आहे.

आणि हे यंत्र मुंबईला नवं नाही. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीबी-३०३, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन रागांवर आधारलेली एक अख्खी तबकडी केली. शिकागोतून याच ३०३ चं अ‍ॅसिड हाउस हे नाचाचं संगीत पुढे आलं ते त्यानंतर पाचेक वर्षांनी. तेव्हा त्या तबकडीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभर चर्चा झाली. ती ऐकताना स्वर कसे सुटतात आणि कसे मिटतात तेवढ्याकडे कान द्या. आपल्या शहरातल्या एका वादकाने हे इतक्या आधी ऐकलं होतं याचा मला फार अभिमान वाटतो.

गिरगावकर_बेस

हे माहीतच नव्हतं. आजच ऐकतो.

गुणोत्तर

एफएमची, म्हणजे एका लाटेने दुसरीला हलवून आवाज घडवण्याची, बाजू मांडतो. इथे सगळे फिल्टरबद्दल बोलताहेत, पण १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ मध्ये फिल्टरच नाही. सहा ऑपरेटर (लाट देणारे भाग), प्रत्येकाला स्वतःचा एन्व्हलप, त्यात चार वेग आणि चार पातळ्या. एक ऑपरेटर ऐकू येतो, दुसरा त्याला हलवतो. हलवणाऱ्याची पातळी जितकी जास्त तितका आवाज उजळ. म्हणजे हलवणाऱ्या ऑपरेटरचा एन्व्हलप हाच तुमचा फिल्टरचा एन्व्हलप.

डेक्स्ड हे फुकट सॉफ्टवेअर डीएक्स-७ चं जवळपास हुबेहूब रूप आहे, त्यात करून बघा. ऐकू येणारा ऑपरेटर गुणोत्तर (मूळ सुराच्या किती पट) १ वर. त्याला हलवणारा पहिला ऑपरेटरही १ वर, थोडा फीडबॅक, मध्यम वेगाने उतरणारा. याने अंग भरतं. दुसरा हलवणारा उंच गुणोत्तरावर, ९ किंवा १४, आणि त्याचा उतार इतका वेगवान की तो जेमतेम जाणवावा. याने नुसतं टोक येतं. डीएक्स-७ चा प्रसिद्ध इलेक्ट्रिक पियानो ऐकलात ना, त्यातली धातूची टिंग अशाच १४ गुणोत्तराच्या ऑपरेटरमधून येते. दोन हलवणाऱ्यांचे दोन वेग, म्हणजे धागाकर्त्यांचाच मुद्दा दुसऱ्या वाटेने.

ऑपरेटरगणिक व्हेलॉसिटी ० ते ७ अशी देता येते. टोकवाल्याला ५-६ द्या, अंगवाल्याला २. हळू वाजवलं तर गोल, जोरात वाजवलं तर चावरा. एफएम थंड असतं असं म्हणणाऱ्यांनी एवढं एक करून बघावं.

डग्गा

मी तबला वाजवतो, सिंथ दोनेक वर्षांपासून. पिचच्या एन्व्हलपबद्दल लिहायचं आहे. किकमध्ये सूर नेहमी वरून खाली येतो. ८०८ च्या किकमध्येही पहिल्या काही मिलिसेकंदांत सूर वर असतो आणि मग ५० हर्ट्झच्या आसपास स्थिरावतो. डग्ग्याचं उलट आहे. घे वाजवल्यावर मनगट पुडीवर पुढे सरकतं, दाब वाढतो आणि सूर ठोक्यानंतर वर चढतो. आपल्या कानाला खर्जाचा हा चढ लहानपणापासून ओळखीचा आहे, पण सिंथच्या प्रीसेटमध्ये तो क्वचितच सापडतो.

मी असं करतो. साइन वेव्ह, ७० हर्ट्झच्या आसपास. एका एन्व्हलपने नेहमीचा छोटा पडणारा ठोका: वर ७ सेमीटोन, डिके १५ मिलिसेकंद. दुसऱ्या एन्व्हलपने चढ: अटॅक १२० ते १५० मिलिसेकंद, वर ४-५ सेमीटोन, मग सावकाश उतार. आवाजाचा डिके ४००. चढाची मात्रा मॉड व्हीलला (कीबोर्डवरच्या चाकाला) जोडतो, म्हणजे प्रत्येक घे वेगळी घेता येते. सुरुवातीला थोडा नॉइज, ५-६ मिलिसेकंदांचा, हाताचा स्पर्श म्हणून.

चढाचा एन्व्हलप सरळ रेषेत ठेवू नका. हात आधी सावकाश आणि मग जोरात दाबतो, वक्रही तसाच हवा.

पेटीवाली

डग्गा, हे फार सुंदर आहे. लावणीच्या ओळीखाली वापरून बघते. मॉड व्हीलऐवजी आफ्टरटच चालेल का? डावा हात मोकळा नसतो.

डग्गा

आफ्टरटच तर उत्तमच, ताई. किल्ली दाबल्यानंतर पुन्हा दाब देणं म्हणजे मनगटाचंच काम झालं. फक्त तो कुठल्या दाबाला सुरू होतो ते तुमच्या कीबोर्डवर तपासून घ्या, काहींना फार जोर लागतो.

तांब्याची_तार

ज्यांच्याकडे एकच एन्व्हलप असलेलं यंत्र आहे त्यांच्यासाठी. रोलंडच्या एसएच-१०१ आणि ज्युनो-१०६ दोन्हींवर एकच एन्व्हलप आहे, पण आवाजासाठी गेट असा स्विच आहे. गेटवर ठेवलं की किल्ली दाबलेली असेपर्यंत आवाज पूर्ण पातळीवर राहतो आणि एन्व्हलप पूर्णपणे फिल्टरला मिळतो. कटऑफ इतका खाली ठेवायचा की डिके संपल्यावर फक्त मूळ सूर उरेल. यातून निघणारा बेस कुठल्याही तीन-एन्व्हलपवाल्या पॅचला तोडीस तोड असतो.

ज्युनो-६० मध्ये एन्व्हलपसाठी खास चिप आहे, १०६ मध्ये ते काम प्रोसेसर करतो. ६० चा ठोका अनेकांना जास्त चपळ वाटतो.

गिरगावकर_बेस

सगळं वाचून पॅच पुन्हा बांधला. लय १२८. फिल्टर डिके ७०, होल्ड १०, आवाज डिके ११०, सस्टेन शून्य, पिच १२ सेमीटोन २० मिलिसेकंद, व्हेलॉसिटी फिल्टरला आणि डिकेला वजा. हेडफोनवर कमाल लागतंय. मोबाइलवर मात्र बेस गायब आणि नुसतं टक्-टक् राहतं. आणि दोन स्वरांमध्ये स्लाइड घेतली की दुसऱ्या स्वराचा दणका जातो.

मंद्रसप्तक

मोबाइलचा स्पीकर ५५ हर्ट्झ वाजवूच शकत नाही, तिथे कान वरच्या स्वरांशांवरून खालचा सूर ओळखतो. तुमचा फिल्टर ७० मिलिसेकंदांत मिटल्यावर ते स्वरांश उरत नाहीत. फिल्टरनंतर थोडं सॅच्युरेशन (नवे स्वरांश आणणारी हलकी विकृती) लावा. नाहीतर एक सप्तक वर दुसरा ऑसिलेटर घेऊन त्याला फिल्टरमधून न नेता थेट, अगदी हळू सोडा, पण त्याचा आवाज त्याच ११० च्या डिकेने उतरवा, म्हणजे ठोक्याचा आकार बिघडणार नाही.

तांब्याची_तार

स्लाइडचं उत्तर: तुमचा पॅच लेगाटोवर आहे. पहिली किल्ली न सोडता दुसरी दाबली की एन्व्हलप नव्याने सुरू होत नाही. मिनिमूगही असाच वागतो. लेगाटो बंद केलंत तर प्रत्येक स्वराला दणका मिळेल, पण मग पोर्टामेंटो (सुराची घसरण) सतत चालू राहील असं सेटिंग नाही ना ते बघा, नाहीतर सगळीच ओळ घसरत जाईल. दोन्ही हवं असेल तर लेगाटो चालूच ठेवा आणि ज्या स्लाइडला दणका हवा तिथे फिल्टरच्या कटऑफची ऑटोमेशन रेषा हाताने काढा: वर सरळ उडी, ७० मिलिसेकंदांत खाली. अशा जागा गाण्यात मोजक्याच असतात.

गिरगावकर_बेस

सॅच्युरेशन लावलं, मोबाइलवर ओळ ऐकू येतेय. ऑटोमेशन रात्री करून बघतो आणि प्रीसेटची फाइल इथेच टाकतो.